एकतिसावी गाडी

माझी शाळा डिंभ्याच्या पुढं, डोंगरातल्या एका वाडीवर. राहायला मी अवसरी खुर्दला. रोजचं जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. त्यामुळं दीडेक महिन्यात गाडीचे तीन हजार किलोमीटर भरायचे आणि मी ऑईल बदलायला मच्छिंद्रच्या दुकानात जाऊन बसायचो. अशी नऊ वर्षं गेली. सख्ख्या बहिणीकडंही मी इतक्या नेमानं गेलो नाही.

मच्छिंद्र करगळ, धनगराच्या घरातला. वडील यमाजी दीडशे मेंढरं घेऊन दिवाळीनंतर माळशेज उतरायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. लहानपणी मच्छिंद्रही त्यांच्यामागं चालला. शाळा त्यामुळं तुटकच झाली, पण दहावी निघाली. मग त्यानं आयटीआय केलं आणि पुण्यात एका गॅरेजात सात वर्षं काढली. लग्न झाल्यावर त्याला स्वतःचं दुकान हवं झालं. यमाजींनी सगळी मेंढरं विकली आणि फाट्यावर, इंजिनिअरिंग कॉलेजकडं रस्ता वळतो तिथं, त्याला गाळा घेऊन दिला. मेंढरं टेम्पोत चढली त्या दिवशी म्हातारा जेवला नाही.

दुकान चाललं ते मच्छिंद्रच्या स्वभावावर. गाडी आली की तो आधी ऐकायचा, मग हात लावायचा. आणि ऑईलच्या बाबतीत तो कुणाचंच ऐकायचा नाही. कुठलं ऑईल टाकू असं विचारलं की गाडीचं पुस्तक मागायचा. पुस्तक कुणाकडंच नसायचं. म्हणून त्यानं दिसेल त्या गाडीच्या पुस्तकातल्या त्या एका पानाचे फोटो मोबाईलमध्ये जमवून ठेवले होते. लोकांना वाटायचं, जाड ऑईल म्हणजे ताकदीचं. नव्या गाडीलाही ते जुन्या गाडीचं जाड ऑईल मागायचे. तो पान दाखवायचा आणि सांगायचा, की नव्या इंजिनातल्या वाटा बारीक असतात, सकाळच्या थंडीत जाड ऑईल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात झीज होते. कुणी घरात उरलेलं कारचं ऑईल घेऊन यायचं. ते तो डबा न उघडताच परत द्यायचा. मोटरसायकलीत एकच ऑईल इंजिनाला, गिअरला आणि क्लचलाही पुरतं. कारचं ऑईल घातलं की क्लचप्लेटा घसरायला लागतात. गिऱ्हाईक रुसून गेलं तरी जाऊ द्यायचा.

मी एकदा त्याला म्हणालो होतो, की पुस्तकात तर सहा हजारांवर बदला असं लिहिलंय. तो म्हणाला, "पुस्तक लिवणाऱ्यानं आपला घाट बगितल्याला न्हाई, गुरुजी. धूळ, चढ, मागं दोन मानसं. तुमी तीन हजाराला यायचं."

ऑईल काळं दिसलं की खराब झालं असं नसतं, हेही मला त्यानंच शिकवलं. काळं होतं म्हणजे ते इंजिनातली घाण उचलतंय. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करायची, बंद करून पाच मिनिटं थांबायचं, मापाची काडी पुसायची आणि न आवळता नुसती टेकवून बघायची. रिकाम्या डब्याला तो स्क्रू ड्रायव्हरनं दोन भोकं पाडायचा. चांगले डबे भंगारवाल्याकडं गेले की पुन्हा भरून बाजारात येतात, म्हणायचा.

एक वहीही होती. प्रत्येक गाडीचा नंबर, मीटरवरचा आकडा, तारीख आणि मालकाचा फोन. कुणाचे किलोमीटर भरत आले असतील याचा अंदाज घेऊन तो आपण होऊन फोन करायचा. कॉलेजची पोरं त्याची टिंगल करायची, आणि गाडी घेऊन यायचीही.

प्रांजल त्याची बायको. तिचा धाकटा भाऊ भरत, नारायणगावच्या बाजूला राहायचा. आधी त्यानं कोंबड्यांचं शेड घातलं, ते चाललं नाही. मग ऑईलचा माल दुकानोदुकानी पोचवायचं काम धरलं. मच्छिंद्र वर्षानुवर्षं मंचरच्या एकाच दुकानातून बिलावर माल आणायचा. भरत दोन खोकी घेऊन आला तेव्हा त्यानं आधी नाहीच म्हटलं. भरत म्हणाला, दाजी, कंपनीचाच माल आहे, सील बघा. मच्छिंद्रनं सील बघितलं, झाकण बघितलं, छपाई बघितली. सगळं जसंच्या तसं होतं. प्रांजल एवढंच म्हणाली, की त्याला जरा उभं राहू द्या. तिनं याआधी नवऱ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. मच्छिंद्रनं खोकी ठेवून घेतली. बिल मागितलं नाही. मेव्हण्याकडं बिल कोण मागतो?

त्या डब्यांत खरं काय आहे हे भरतला माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

जुलैच्या शेवटी माझी गाडी बिघडली. ऑईल बदलून जेमतेम बाराशे किलोमीटर झाले होते. गिअर अडखळायला लागला होता आणि डिंभ्याच्या चढाला इंजिन पत्र्यासारखं वाजायचं. मी बुधवारी शाळेतून येताना दुकानात थांबलो. मच्छिंद्रनं गाडी स्टँडवर घेतली, काडी बघितली. माप बरोबर होतं. मग त्यानं खालचा बोल्ट काढला. ऑईल ट्रेमध्ये पाण्यासारखं पडलं, तार धरलीच नाही. त्यानं थेंबभर बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळलं, वास घेतला.

आत जाऊन तो दोन डबे घेऊन आला. एक भरतच्या खोक्यातला, सील न तोडलेला. दुसरा मंचरहून आणलेल्या जुन्या मालातला, शेवटचा. शेजारी साळुबाईंची चहाची टपरी होती. तिच्याकडून त्यानं दोन वाट्या मागून घेतल्या, दोन्हींत थोडं थोडं ऑईल ओतलं आणि स्टोव्हवर धरलं. साळुबाईंना वाटलं, कसलं तरी औषध करतोय. जुन्या मालातलं तापून सैल झालं, पण ऑईलच राहिलं. भरतच्या डब्यातलं चहासारखं पातळ झालं आणि त्याला डिझेलचा वास यायला लागला.

मच्छिंद्र टपरीच्या बाकावर बसला. मी त्याला म्हणालो, उरलेले डबे ओतून दे, आणि ही गिऱ्हाईकं पुढच्या वेळी येतील तेव्हा चांगलं ऑईल टाक. कुणाला काही कळायचं नाही.

"पुडच्या येळेला तीन हजारानं येतील," तो म्हणाला. "तवर इंजिन ऱ्हाईल का?"

त्यानं वही काढली. भरतची खोकी उघडल्या तारखेपासूनची पानं चाळली आणि बोट ठेवून मोजली. एकतीस गाड्या निघाल्या. माझी धरून.

मंचरच्या दुकानातून त्यानं बिलावर नवा माल आणला आणि माझी तिथंच केली. आधी थोडं चांगलं ऑईल घालून इंजिन दोन मिनिटं चालवलं, ते काढून टाकलं, मग पुन्हा भरलं. तेवढ्यात फोनही सुरू झाले. प्रत्येकाला तो तेच सांगत होता. माझ्या दुकानातनं खोटं ऑईल गेलंय, गाडी चालवू नका, मी येतो. जवळचे होते ते गाडी ढकलतच आले. जे येऊ शकत नव्हते त्यांच्याकडं तो स्वतः गेला. पेठला गेला, कळंबला गेला, घोडेगावात एका मास्तरांच्या अंगणात भर पावसात छत्री धरून त्यानं बोल्ट खोलला. चार दिवस त्यानं दुसरं कामच घेतलं नाही. रविवारपर्यंत तीस गाड्या झाल्या. लोक म्हणायला लागले, असा फिटर शंभरात एक. मीही शाळेत सगळ्यांना तेच सांगितलं.

राहिली ती लाल गाडी. वहीत नाव होतं सयाजी आणि पुढं लिहिलं होतं, राजुरीचे पावणे. फोन लागत नव्हता. मच्छिंद्रनं गावात विचारत विचारत शनिवारी शोध लावला, की राजुरीचे सयाजी म्हणजे आमच्याच गावचे जावई. सासरवाडीला आले तेव्हा, थांबलोच आहोत तर ऑईल बदलून घेऊ, म्हणून दुकानात आले होते. त्यांची बायको सरूबाई. मच्छिंद्र सरूबाईंच्या भावाकडं गेला, सगळं सांगितलं. भाऊ म्हणाला, दाजींचा फोन पाण्यात पडलाय, पण मी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप देतो. रविवारी संध्याकाळी मच्छिंद्र पुन्हा त्याच्या दारात गेला. भाऊ म्हणाला, राहूनच गेलं बघ, आता उद्या करतो.

मच्छिंद्र उद्यावर थांबला नाही. सोमवारी सकाळीच चांगल्या ऑईलचा डबा पिशवीत घालून तो राजुरीला निघाला. घर सापडायला नऊ वाजून गेले. ओट्यावर सयाजींची आई प्रयागबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं. दोन-तीनदा विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की लेक नि सून पहाटंच गाडीवरनं भीमाशंकरला गेलेत. पहिला श्रावणी सोमवार होता.

श्रावणी सोमवारची शाळा अर्धी असते. मी साडेबाराच्या सुमाराला डिंभ्यात आलो, तर फाट्यावरच्या शेडखाली मच्छिंद्र उभा. रेनकोटातून पाणी गळत होतं. त्यानं सगळं सांगितलं आणि विचारलं, वर जाऊ का?

मी तो रस्ता रोज बघणारा. मी त्याला म्हणालो, वर आज जत्रेसारखी गर्दी आहे, गाड्या खालीच अडवून माणसं बसनं नेतात, शेकडो मोटरसायकली उभ्या असतील, त्यात तुला ती सापडायची नाही. वर फोनलाही रेंज नाही. आणि तू चढत असशील तेव्हा ते उतरताना गर्दीत तुझ्या शेजारून निघून जातील, तुला कळायचंही नाही. इथंच थांब, सगळ्यांना परत इथूनच जावं लागतं.

तो म्हणाला, "ह्ये बरोबर हाय."

मी दहाएक मिनिटं त्याच्याजवळ उभा राहिलो. मला भूक लागली होती, कपडे भिजले होते. मी घरी निघालो.

पुढचं मला त्याच्याकडूनच कळलं. तो चार वाजेपर्यंत तिथं उभा होता. येणारी प्रत्येक मोटरसायकल बघत होता. दोन लाल गाड्या त्यानं आडवा हात करून थांबवल्या, दोन्ही दुसऱ्याच कुणाच्या निघाल्या. मग एक जीप हॉर्न वाजवत, दिवे लावून घोडेगावकडं गेली. मागून आलेल्या टेम्पोवाल्यानं सांगितलं, तळेघरच्या अलीकडं मोटरसायकल पडलीय, बाईला लई लागलंय.

तो वर गेला. वळणावर चार माणसं उभी होती. लाल गाडी कुणीतरी उचलून दरडीला टेकवून ठेवली होती. सयाजी जीपमधून बायकोबरोबर गेले होते. त्यांचा हात मोडला होता. लोक म्हणाले, चिखलात मागचं चाक घसरलं. मच्छिंद्रनं गाडीची किक हातानं दाबून बघितली. हलली नाही. पायानं दाबली. हलली नाही. गिअर काढल्यावर चाक फिरलं, गिअर टाकल्यावर अडलं. इंजिन जाम झालं होतं. वर जाताना चढाला तापून तापून झिजलेलं ते इंजिन उतरताना वळणावर धरलं होतं आणि मागचं चाक जागेवर थांबलं होतं.

सरूबाई घोडेगावला पोचेपर्यंत गेल्या. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर. पोलिसांच्या कागदावर पावसानं निसरडा झालेला रस्ता, असं कारण पडलं. इंजिन बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं.

दिवेलागणीला मच्छिंद्र माझ्या घरी आला. दारातच बसला, आत आला नाही. त्यानं हे सगळं सांगितलं. मग मी त्याला जे सांगितलं, ते कुणीही शहाण्या माणसानं सांगितलं असतं. म्हणालो, तू एकट्यानं ती किक दाबून बघितलीस. बाकी कुणाला माहीत नाही. गेलेली बाई परत येणार नाही. तुझी बायको आहे, म्हातारा-म्हातारी आहेत. गप्प बस. त्यानं ऐकून घेतलं आणि तो गेला.

तेरा दिवस त्यानं शटर उघडलं नाही. प्रांजल माझ्या बायकोला सांगत होती, की ते जेवतात, अंघोळ करतात, पण विचारल्याशिवाय बोलत नाहीत. चौदाव्या दिवशी सकाळी तो आला आणि म्हणाला, राजुरीला चला. मी का, असं मी विचारलं नाही. डिंभ्याच्या फाट्यावर मी त्याला काय सांगितलं होतं हे आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि त्यानं ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मी शाळेला रजा टाकली.

सयाजी ओट्यावर खाटेवर बसले होते. हात गळ्यात. डोकं भादरलेलं. प्रयागबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला खुर्च्या दिल्या. मी खुर्चीवर बसलो, मच्छिंद्र खाली फरशीवर बसला.

त्यानं पहिल्यापासून सांगितलं. मेव्हण्याची खोकी, माझी गाडी, साळुबाईंच्या वाट्या, तीस गाड्या, शनिवारचा निरोप, राजुरीची चक्कर, डिंभ्याला थांबलो ते. कुणी थांब म्हणालं, हे त्यानं सांगितलं नाही. शेवटी किक सांगितली. कुठंही त्यानं स्वतःला वाचवायचं बघितलं नाही. वर्गात पाठ म्हणून दाखवावा तसं सांगत गेला.

सयाजींनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "चिकल व्हता, वळण व्हतं, तिची येळ भरली व्हती. असं म्हणून म्हणून मी कसातरी दोन घास खायला लागलो व्हतो. आता मी काय म्हणू?"

मग ते मच्छिंद्रकडं वळले.

"तुमी कशाला आलात सांगायला?"

"वाटलं, तुमी सोताला दोष देत असाल," मच्छिंद्र म्हणाला. "म्हणून आलो."

"न्हवतो देत," सयाजी म्हणाले.

प्रयागबाईंनी मला खुणेनं विचारलं, की हा काय सांगतोय. मी मान हलवली, काही नाही म्हणून. आम्ही उठलो. सयाजी उठले नाहीत, या म्हणाले नाहीत, शिवीही दिली नाही. परतीच्या वाटेवर बेल्ह्याच्या रस्त्यापासून नारायणगावपर्यंत मी गाडी चालवत होतो आणि मच्छिंद्र मागं बसला होता. नारायणगावच्या चौकात मी चहाचं विचारलं. तो नको म्हणाला.

सयाजींनी तक्रार केली नाही. लाल गाडी त्यांनी भंगारात घातली आणि पुन्हा दुसरी घेतली नाही, असं ऐकलं. बोभाटा केला तो सरूबाईंच्या भावानं. त्यानं चावडीवर सांगितलं, देवळात सांगितलं, माझी बहीण फिटरनं मारली. निरोप द्यायचा त्याच्याकडून राहिला होता, ते त्यानं कुठंच सांगितलं नाही. मच्छिंद्रनंही ते गावात कुणाला सांगितलं नाही. मी त्याला म्हणालो, तू निदान हे तरी सांग. तो म्हणाला, त्येची भैन गेलीय.

मग ज्या लोकांसाठी तो पावसात हिंडला होता, ते बोलायला लागले. महिन्यापूर्वी शंभरात एक म्हणणारे आता म्हणत होते, म्हणजे आमच्याही गाडीत ह्यानं तेच घातलं होतं की. वाचलो म्हणायचे. त्यानं फोन केला नसता तर यातल्या एकालाही काही कळलं नसतं. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली असती, कुणाचं इंजिनचं काम निघालं असतं, आणि ते तसल्या गाडीला शिव्या देऊन दुरुस्तीला मच्छिंद्रकडंच घेऊन आले असते.

त्यानं उरलेले सीलबंद डबे घेऊन तालुक्याला चकरा मारल्या. कुठल्या ऑफिसात जायचं हेच आधी कुणी नीट सांगेना. शेवटी एका ठिकाणी बिल मागितलं. बिल नव्हतं. मग माल भरतचाच कशावरून? एक डबा ठेवून घेतला, पोच दिली. पुढं काही झालं नाही. भरतनं पंधरा दिवस फोन बंद ठेवला आणि मग नातेवाइकांत सांगितलं, की माझा माल चांगलाच होता, भेसळ दाजींनीच केली. प्रांजलच्या आईनं तिला निरोप धाडला, की भावाचं नाव सरकारात घालणाऱ्याच्या घरात राहायचं का, ते तू ठरव. प्रांजल राहिली. त्या साली ती भाऊबीजेला माहेरी गेली नाही, आणि नंतरही गेलेली नाही. मच्छिंद्रवर तिचा राग नव्हता. पण त्याला उभं राहू द्या, हे वाक्य आपल्याच तोंडातून गेलं, हे ती माझ्या बायकोजवळ पुन्हा पुन्हा बोलायची.

मच्छिंद्रनं दुकान उघडलं. रोज सकाळी झाडून, पाणी मारून, पाने-पक्कड मांडून बसायचा. पंक्चर यायच्या. परगावची, माहीत नसलेली गाडी एखादी यायची. ऑईल बदलायला कुणी येईना. कॉलेजची नवी पोरं आली, त्यांना साळुबाईंच्या टपरीवरच कुणीतरी सांगायचं, तिथं नको.

आता माझं सांगतो. सप्टेंबरच्या मध्याला माझे किलोमीटर भरले. बायको म्हणाली, तुमचा विश्वास असेल, पण घाटातनं तुम्ही एकटे येता-जाता, मला घोर लागतो. शोरूमलाच टाका. मी तिला समजावू शकलो असतो. या तालुक्यात ऑईलच्या बाबतीत त्याच्याइतका खात्रीचा माणूस दुसरा नाही, आणि आता तर तो डबा दहादा तपासल्याशिवाय घालणार नाही, हे मला जितकं कळत होतं तितकं कुणालाच नव्हतं. पण मी बोललो नाही. गाडी मंचरला शोरूमला दिली. त्या दिवशी फाट्यावरून जाताना मी मान कॉलेजच्या बाजूला वळवून गेलो. तो गाळ्याच्या दारात उभा होता. गाडीच्या आवाजावरून त्यानं मला ओळखलंच असणार.

तो फोन करील असं मला वाटत होतं. माझे किलोमीटर त्याच्या वहीत होते. त्यानं केला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं शटर कायमचं ओढलं. यमाजी आणि मच्छिंद्रची आई गजराबाई त्या दिवशी वस्तीवरून आले होते. सामान टेम्पोत भरताना म्हातारा बाजूला काठीवर हनुवटी टेकून बसला होता. मी समोरच्या स्टॉपवर उभा होतो, पण रस्ता ओलांडला नाही. यमाजी लेकाला म्हणाले ते मला इथवर ऐकू आलं, "मेंढरं ठेवली असती तर त्यांच्यामागं चालला तरी असतास." आवाजात राग नव्हता. मच्छिंद्रनं बापाला हात देऊन उठवलं आणि टेम्पोत पुढं बसवलं. त्या गाळ्यात आता झेरॉक्स आणि मोबाईलची कव्हरं मिळतात.

प्रांजल कॉलेजच्या पोरांच्या खानावळीत पोळ्या करायला जाते. मच्छिंद्र नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात हमालीला लागला. पुण्यात गॅरेजात जाता आलं असतं त्याला, हाताला सात वर्षांचं काम होतं. मी एकाच्या तोंडून तसा निरोपही धाडला होता. त्यानं सांगून पाठवलं, की दुसऱ्याच्या गाडीला आता हात लावायचा नाही.

गेल्या वर्षी मी मुद्दाम त्याला भेटायला गेलो. दुपारचा बाजार भरात होता. क्रेटांच्या राशी, ट्रक, ओरडा. तो सापडायला वेळ लागला. वाळला होता, केस पांढरे झाले होते, चाळीशीही गाठली नव्हती. डोक्यावर चुंबळ होती. मला बघून तो हसला आणि बाजूला आला. शाळेचं विचारलं, पट किती राहिला विचारलं. मी म्हणालो, अकरा. तो म्हणाला, कमीच झाला.

मी दोन वर्षं जे मनात घेऊन फिरत होतो, ते बोललो. म्हणालो, मच्छिंद्र, त्या दिवशी डिंभ्याला थांब असं मीच तुला म्हणालो होतो.

"व्हय," तो म्हणाला. "तुमच्या जागी मीबी त्येच सांगितलं असतं. त्याचं काय न्हाई, गुरुजी." चुंबळ काढून त्यानं तिनंच तोंड पुसलं. "पर तुमी नंतर दुकानात आला न्हाई."

मग ट्रकवरून कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं चुंबळ पुन्हा डोक्यावर ठेवली, दोन क्रेट एकावर एक घेतले आणि तो फळीवरून ट्रकात चढला. मी बराच वेळ उभा होतो. तो चार-पाच वेळा खाली उतरला, चार-पाच वेळा वर चढला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही, म्हणजे टाळलं असंही नाही. माल भरायचा होता.

ट्रक भरल्यावर सगळे हमाल पलीकडच्या ट्रककडं गेले. मीही निघालो. तेव्हापासून मी नारायणगावच्या बाजारात गेलेलो नाही.